नाना गावी गेले

एकुमानो,
शनिवार, ४ मे १९९६

चि. अराबा हिस,
बाबांचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र बोल्गाटांगाच्या बसवाल्याने गुरुवारी आणून दिलं. तिकडे उत्तरेला मासळी म्हणजे दुर्मिळ वस्तू हे वाचून तुझी आत्या दोनदा रडली आणि लगेच धुरावलेल्या माशांची टोपली बांधायला बसली. टोपली याच बसने येते आहे. वास बसभर सुटेल. ड्रायव्हर काही बोलला तर मनावर घेऊ नकोस.

आता मुख्य बातमी, ती बसून वाच. नाना चालले. आपले कोच एसिल्फी. अकरा वर्षं शेवंडे फुटबॉल क्लबचा गाडा ओढला आणि सोमवारी त्यांनी कमिटीला चिठ्ठी दिली की आता मी माझ्या गावी एन्सुकिरला जातो, आईच्या जमिनीत संत्र्याची झाडं आहेत, ती बघतो. बस, एवढंच. कारण नाही, तक्रार नाही.

कारण मला ठाऊक आहे. ते मी आहे.

आदल्या दिवशी, रविवारी, शेवटचा सामना होता. आपण एक-शून्य पुढे, दहा मिनिटं उरलेली. अशा वेळी नानांनी गोल करणाऱ्या फिफीला बाहेर काढलं आणि त्याच्या जागी एक बचाववाला उतरवला, जो धावताना स्वतःच्याच पायात येतो. एक-दोनने हरलो. मी मनातल्या मनात पुटपुटलो, नाना, पुरे झालं, जा आता. मनातल्या मनातच, देवाशपथ! पण पाठीराख्यांच्या संघाचा चिटणीस मी, भोंगा माझ्या तोंडाशी, आणि त्याचं बटण चालू राहिलेलं. माझं मनातलं पलीकडच्या चर्चपर्यंत गेलं. पाद्रीबाबा सांगतात की प्रवचन थांबलं आणि मागच्या बाकावरचे दोघे खरंच उठून गेले.

नानांनी वळून माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. बोलावल्यावाचून आलेल्या पाहुण्याकडे पाहतात तसं. आणि दुसऱ्या दिवशी ही चिठ्ठी.

तू म्हणशील, जाऊन सांगा त्यांना. दोनदा गेलो. पहिल्यांदा त्यांच्या पंख्याच्या आवाजाबद्दल बोलून आलो, दुसऱ्यांदा हवेबद्दल. मी होड्यांची इंजिनं दुरुस्त करणारा माणूस. बिघडलं की उघडून बघायचं, एवढं मला येतं. हे कुठून उघडायचं तेच कळत नाही. पण हा माणूस माझ्यामुळे गाव सोडून गेला असं आयुष्यभर वाटत राहिलं तर मला जेवण जाणार नाही, आणि तुझ्या आत्याच्या हातचं जेवण न जाणं म्हणजे काय, ते तू जाणतेस.

तर २५ तारखेला, शनिवारी, मैदानावर निरोप समारंभ ठेवतोय. गावभर लावायला मोठा कागद छापायचा आहे. मजकूर तू लिही. घरात पदवी तुला एकटीलाच मिळाली आहे, ती नुसती भिंतीवर टांगायला नाही. वजनदार लिही. आणि त्यात कुठेतरी, लोकांना दिसू नये पण नानांना दिसावं अशा बेताने, की जो बोलला त्याचं मन त्याला खातंय. चुकलं हा शब्द मात्र नको. माझं नाव खाली चौकशीसाठी म्हणून टाक.

प्रकृतीला जप. उकळलेलं पाणी पी. माया आहेच, ती काय लिहायची.

तुझा,
बाबा


जुनियर शाळा, बोल्गाटांगा मार्गे,
रविवार, १२ मे १९९६

ती. बाबांना,
अराबाचा शि. सा. न. वि. वि.

टोपली पोचली. ड्रायव्हर मला काही बोलला नाही, पण तो बसच्या खिडकीतून डोकं बाहेर काढून आला होता. अर्धे मासे मी वर्गातल्या मुलांना वाटले. त्रेसष्ट मुलांत सतरा मासे कसे वाटायचे हा त्या दिवशीचा गणिताचा तास झाला.

नानांची बातमी वाचून मी शाळेमागच्या कडुनिंबाखाली जाऊन बसले. माझ्या सोबतच्या शिक्षिकेला वाटलं घरचं कुणीतरी आजारी आहे. कोच चालले म्हटल्यावर तिने विचारलं, बरेच करंडक जिंकून दिले असतील ना? मला खोटं बोलवेना. अकरा वर्षांत आपण नऊ वेळा नववे आलो, एकदा दहावे, आणि एकदा आठवे, पण त्या वर्षी दोन क्लब मधेच बंद पडले होते. ती माझ्याकडे बघतच राहिली.

तिला कसं सांगू? बाबा, मी लहान असताना मला वाटायचं की नाना खरंच राजे आहेत. मैदानाच्या कडेला ती भलीमोठी पट्ट्यापट्ट्यांची छत्री उघडून बसायचे, दरबारात राजा बसतो तसे. म्हणून तर सगळं गाव त्यांना नाना म्हणायला लागलं, राजाला म्हणतात तसं. पेनल्टी आली की मात्र राजेसाहेब डोळे घट्ट मिटून घ्यायचे आणि लोकांच्या ओरडण्यावरून काय झालं ते ओळखायचे. बचाववाले एका रेषेत उभे राहत नाहीत म्हणून त्यांना चर्चच्या गायकवृंदात नेऊन उभं केलं, आठवतं? बचाव सुधारला नाही, पण गाणं किती सुधारलं!

मी बारा वर्षांची असताना त्यांना विचारलं होतं की गुणफलकावर मुलगी चालेल का. लोक हसले होते. नानांनी शिडी धरली आणि म्हणाले, आकडे नीट लिहिता येत असतील तर चालेल. आपला आकडा बदलायला मला फारसं चढावं लागलं नाही, पण समोरच्यांचा आकडा बदलता बदलता माझी बेरीज पक्की झाली. एकदा सहा-शून्यने हरत होतो तेव्हा लाज वाटून मी पाचवरच थांबले. नाना छत्रीखालून उठून आले आणि म्हणाले, बाळ, सहावाही त्यांनी मेहनतीनेच केलाय, लिही. मी विद्यापीठात गेले ती त्या शिडीवरून गेले असं मला वाटतं. जिंकणाऱ्यांवर प्रेम कुणीही करील. आपण नवव्या जागेवर प्रेम केलं आणि त्याला पात्र असा माणूस आपल्याला मिळाला.

म्हणूनच मला स्पष्ट लिहू द्या. चुकलं हा शब्द तुम्हाला नको होता, मी तो घातलेला नाही, पण मला हे पटत नाही. आपली चूक आपणच मोठ्याने वाचून दाखवावी, असं मी रोज वर्गात शिकवते आणि घरी वडिलांसाठी झाकून लिहिते. समारंभाच्या दिवशी तुम्ही त्यांच्यासमोर उभे राहा आणि सांगा. एवढं माझ्यासाठी करा.

मजकूर फांटीतच लिहिला आहे, इंग्रजीत नाही. आपल्या भाषेतही भारदस्त लिहिता येतं हे लोकांना दिसू दे. चार रात्री खपून लिहिला. असा आहे:

नाना गावी जात आहेत. खेळ संपला, शेवटची शिट्टी वाजली. अकरा वर्षांच्या कष्टानंतर आता त्यांना विश्रांती मिळो. मागे ते बावीस मुलगे आणि एक पोरकं गाव सोडून जात आहेत. रागाच्या भरात ज्याने त्यांना दुखावलं, त्याचं मन त्याला खात आहे. सर्वांनी शनिवारी मैदानावर जमून त्यांना अखेरचा निरोप द्यावा. चौकशीसाठी: एबो इशून.

कसा वाटला ते कळवा. आत्याला नमस्कार. तुमच्या पत्राची वाट पाहण्याचा हक्क मी सोडणार नाही.

तुमची,
अराबा


एकुमानो,
गुरुवार, २३ मे १९९६

चि. अराबास,
एकुवा आत्याचे आशीर्वाद. वि. वि. फार आहे.

अगं शहाणे, काय लिहून पाठवलंस तू? पाच वर्षं विद्यापीठात काढलीस, पुस्तकांनी आमचा पलंग मोडलास, आणि आपल्या भाषेतली एवढी गोष्ट विसरलीस? नाना गावी गेले असं आपण कधी म्हणतो? राजा मेला असं तोंडातून काढायचं नसतं, म्हणून आपण म्हणतो, नाना गावी गेले. शेंबडं पोरही ते ऐकून चप्पल काढतं. आणि तू ते मोठ्या अक्षरात पहिल्याच ओळीत!

तुझ्या बाबाने मजकूर नीट न वाचताच कागद आकॉन मास्तरांच्या छापखान्यात टाकला आणि इंजिनाचे भाग आणायला सोमवारी पहाटेच ताकोराडीला गेला. नानाही त्याच्या आदल्या दिवशी एन्सुकिरला गेले, घर झाडून ठेवतो, शनिवारी समारंभाला परत येतो म्हणाले. म्हणजे जो जिवंत होता तो गावात नव्हता, आणि ज्याला ते माहीत होतं तोही नव्हता. मास्तरांनी मजकूर वाचला, टोपी काढली म्हणे. मग छापलं. त्यांच्याकडे चौकट एकच आहे, काळी आणि तांबडी, कारण आपल्या गावात मयतीशिवाय कुणी काही छापतच नाही, लग्नं तोंडानेच सांगतात. वर मोठ्या अक्षरात स्वर्गाचं बोलावणं. वय मास्तरांनी अंदाजाने टाकलं, एकाहत्तर. फोटो तुझ्या बाबाने दिला होता तो, पेनल्टीच्या वेळचा, डोळे मिटलेला. आणि जिथे तू चौकशीसाठी लिहिलं होतंस तिथे त्यांच्या चौकटीत आधीच मुख्य शोककर्ता असं कोरलेलं आहे. खाली तुझ्या बाबाचं नाव.

सोमवारी दुपारपर्यंत कागद गावभर लागले. मी माशांच्या भट्टीवर होते. बायका रडत आल्या आणि माझ्या गळ्यात पडल्या, मला वाटलं कुणाची तरी होडी बुडाली. मी शपथेवर सांगत होते की अगं काल तो माणूस माझ्यासमोर मक्याच्या पिठाची केंकी आणि मासळी खाऊन गाडीत बसला. तर म्हणाल्या, बघ, शेवटचं जेवण तुझ्या हातचं होतं. आता तो मान कसा सोडू? मी पण थोडी रडले.

सगळ्यात वाईट ते बावीस मुलगे. नानांचं लग्नच झालेलं नाही हे शेंबड्यालाही ठाऊक. तू खेळाडू म्हणालीस, पण बाजाराने ते तसं वाचलं नाही. दोन दिवस मासळी बाजारात एकच हिशोब चालू आहे, की बावीस, बरं, पण आया कोण? फिफीची आई तोंडाला कापड बांधून येते. एक म्हातारा स्वतःहून पुढे येऊन सांगून गेला की माझा धाकटा माझाच आहे.

राजवाड्यातूनही माणूस आला. राजेसाहेबांनी विचारलंय, की या गावात गावी जाणारा एकच आहे आणि तो अजून सिंहासनावर बसलेला आहे, तर हा कोण परस्पर गेला?

तुझा बाबा काल ताकोराडीहून परतला. गल्लीत शिरला तर दारात मांडव, खुर्च्या, काळं नेसलेली माणसं. त्याला वाटलं मी गेले. मला जिवंत बघून त्याला जरा बरं वाटलं असेल असं मी धरून चालते. मग कागद दाखवला. तेव्हापासून तो ओरडून सांगतोय की अरे नाना जिवंत आहेत, संत्री बघायला गेलेत. लोक त्याच्या पाठीवरून हात फिरवतात. म्हणतात, शोकात माणूस असंच बोलतो. पाद्रीबाबा म्हणाले, एबो, तूच त्यांना जा म्हणालास, म्हणून तुला हे सोसवत नाहीये. त्यावर तो उठून आत गेला. त्यानंतर जेवला नाही. एन्सुकिरला फोन नाही, आणि पावसाने तिकडचा रस्ता वाहून गेल्याने तीन दिवस तिकडे गाडी जात नाहीये.

शनिवारी सगळं गाव जमणार. गायकवृंद तयारी करतोय. मलाही माझं काळं-तांबडं लुगडं काढावं लागलं. सगळ्या बायका काळं नेसून बसणार आणि मी एकटीच फुलाफुलांचं नेसून बसू का?

बाबाची काळजी वाटते. बाकी ठीक. तुझ्यावरची माझी माया या भानगडीने कमी होणार नाही, पण थोडे दिवस दिसणार नाही.

तुझी,
एकुवा आत्या


बोल्गाटांगा मार्गे,
शनिवार, २५ मे १९९६, सकाळ

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आत्ता मिळालं. आज शनिवार. तू हे वाचशील तोवर सगळं होऊन गेलेलं असेल, आणि मी इथे वर्गात व्याकरण शिकवत असेन. व्याकरण! मी!

मी मुद्दाम आपल्या भाषेत लिहिलं होतं. मला वाटलं, किती साधं आणि सुंदर वाक्य आहे, नाना गावी जात आहेत. वाक्य का सुंदर वाटलं ते आता कळतंय. लहानपणापासून मयतीत ऐकलेलं ते. इथल्या मुख्याध्यापकांना हे सांगितलं तर ते आधी हसले आणि मग म्हणाले की विद्यापीठात मयतीला जायला वेळ मिळत नसेल.

कागद फाडून टाका. पोरांना सांगा, एका कागदामागे एक एक नारळ. फिफीच्या आईची मी पाया पडून क्षमा मागेन. राजेसाहेबांना पत्र लिहीन, पण ते कसं लिहायचं ते आधी मला शिकव, मी माझ्या भरवशावर आता एकही ओळ लिहिणार नाही.

आणि बाबांना जेवायला घाल. मी त्यांना उभं राहून सगळ्यांसमोर बोला म्हणाले होते, तो माझा उर्मटपणा होता. मला वाटत होतं, खरं बोलणं म्हणजे फक्त तोंड उघडणं. तेवढंच सोपं असतं तर ते पंख्याबद्दल का बोलून आले असते? तू त्यांच्याजवळ बस. काही बोलू नकोस, नुसती बस.

रागावली असलीस तरी पत्र टाक. रागाचंही चालेल.

तुझी शहाणी,
अराबा


एकुमानो,
सोमवार, २७ मे १९९६

चि. अराबा हिस,
स. न. वि. वि. म्हणावं की अनेक आशीर्वाद म्हणावं हे ठरेना. परलोकातून पत्र लिहायची पद्धत मला माहीत नाही.

मी बरा आहे. हे आधी लिहितो, कारण शनिवारपासून मला दिवसाकाठी चाळीस वेळा ते सांगावं लागतंय. रस्ता शुक्रवारी उघडला आणि शनिवारी मी मिळाली त्या गाडीत चढलो. निम्म्या वाटेवर एकुमानोची दोन माणसं चढली, मला बघितलं आणि चालत्या गाडीतून उतरली. ड्रायव्हरने मला टपावर शेळ्यांबरोबर बसवलं. म्हणाला, आजोबा, तुमचं तुम्ही बघा, मला आणखी तीन फेऱ्या करायच्यात.

मैदानावर आलो तर समोर माझा हातभर उंच फोटो आणि त्याला हार. पहिला विचार आला तो असा, की एवढी गर्दी सामन्याला कधी झाली नव्हती. मी ढोलवाल्यांच्या मागे जाऊन उभा राहिलो. आपल्याबद्दल काय बोलतात ते ऐकायची संधी माणसाला एरवी मिळत नाही. फिफी रडत म्हणाला की नानांनी मला बाहेर काढलं ते बरोबरच होतं, माझा पाय दुखत होता आणि ते फक्त त्यांना दिसलं. मी तेवढ्यासाठीच ढोलामागून बाहेर पडलो नाही. अजून ऐकायचं होतं.

मग तुझा बाप उठला. भोंगा त्याला दिला तर त्याने तो खुर्चीवर ठेवला. लोकांना तो सांगायला लागला की ऐका, नाना जिवंत आहेत. लोक म्हणाले, हो एबो, हो. तो पुन्हा म्हणाला. लोक रडले. मग त्याने माझ्या फोटोकडे पाहिलं आणि त्याची मान खाली गेली. एकदम वेगळ्याच आवाजात बोलायला लागला. नाना, मी जा म्हणालो ते तुम्हाला नव्हतं म्हणालो, आकड्याला म्हणालो. अकरा वर्षं मी तुम्हाला काय काय ओरडलो, तुम्ही एकदाही मला उलटून बोलला नाहीत. माझ्या पोरीला शिडीवर चढवलंत, तेव्हा मी घाबरून घरी बसलो होतो, तुम्ही शिडी धरून उभे होतात. आणि मी तुमच्या दारात येऊन पंख्याबद्दल बोललो. चुकलं माझं. पुढे तो तेच तेच म्हणत राहिला. चुकलं हा शब्द मी सात वेळा मोजला. आठव्याला मला राहवेना आणि मी ढोलामागून पुढे आलो.

आपला गोलरक्षक सगळ्यात आधी पडला. पेनल्टीलाही तो इतक्या चपळाईने पडला असता तर आपण आठवे आलो असतो. गायकवृंदातले आपले बचाववाले एका रेषेत, अगदी एका रेषेत, पळाले. अकरा वर्षांनी. तुझी आत्या तेवढी जागची हलली नाही. तिने मला नखशिखान्त पाहिलं आणि म्हणाली, मी म्हटलंच होतं. मग घरी नेऊन तिने लाल तेलात कुस्करलेलं सुरण आणि चार उकडलेली अंडी समोर ठेवली. मरणातून परतलेल्या माणसाने आत्म्याला थंड करायला ती खायचीच असतात. मी म्हटलं, बाई, मी मेलोच नव्हतो. ती म्हणाली, अंडी उकडली आहेत, आता वाद नको.

तुझ्या बापाला मी काय उत्तर दिलं, ते तो तुला सांगेल. नाही सांगितलं तर विचार.

मजकुराबद्दल दोन शब्द. भाषा छान आहे. मी एकाहत्तरचा नाही, अठ्ठावन्नचा आहे. बावीस मुलग्यांबद्दल मी बाजारात उभा राहून खुलासा केला, पण बायका खुलाशाने निराश झाल्यासारख्या दिसल्या. एक कागद मी एन्सुकिरला नेतो आहे. पुढे कधीतरी लागेलच, पुन्हा छापायचा खर्च नको.

शाळेत मुलींचा संघ काढायचं तू मला लिहिलं होतंस, मुली खेळायला लागल्या की कळव. ओळख विसरू नकोस, मी कुठेही असलो तरी.

तुझा, अद्याप हयात,
एसिल्फी


एकुमानो,
शनिवार, १ जून १९९६

चि. अराबा हिस,
बाबांचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझी आत्या म्हणते तू स्वतःला दोष देत बसली आहेस. बसू नकोस. राजेसाहेबांचं मिटलं. मी रिवाजाप्रमाणे जिनची बाटली घेऊन राजवाड्यात गेलो, गुडघ्यावर बसून सगळं सांगितलं. राजेसाहेब इतके हसले की छत्रीवाल्याच्या हातातून छत्री निसटली. मग गंभीर होऊन म्हणाले की गावी जाऊन परत आलेला हा पहिलाच राजा, त्याला म्हणावं जाण्यापूर्वी मला भेटून तिकडचं कसं काय आहे ते सांगून जा. आकॉन मास्तर मात्र अजून मानायला तयार नाहीत. म्हणतात, माझ्या छापखान्यातून आजवर एकही चुकीचा कागद बाहेर पडलेला नाही, थोडा लवकर पडला असेल.

मी त्या दिवशी लोकांसमोर काय काय बोललो ते नानांनी तुला लिहिलं असं कळलं. ठीक आहे. तू सांगितलंस तसं मी केलं, फक्त मला वाटलं नव्हतं की ते ऐकताहेत. ऐकताहेत हे माहीत असतं तर मी पुन्हा हवेबद्दल बोललो असतो.

त्यांच्या उत्तराचं तू विचारशील. त्या संध्याकाळी माणसं पांगली, मांडववाला खुर्च्या गोळा करायला लागला, आणि आम्ही दोघं शेवटच्या दोन खुर्च्यांवर बसलो होतो. मी म्हटलं, नाना, खरं सांगा, मी जा म्हणालो म्हणून तुम्ही चालला आहात का? मला वाटलं म्हणतील, छे छे, तसं काही नाही, तब्येत, संत्री, आई. तुला तरी तसंच वाटेल ना?

ते म्हणाले, हो, तुझ्यामुळेच.

 मग म्हणाले, एबो, अकरा वर्षं तू मला भोंग्यावरून सांगत आलास. फिफीला आत घ्या, फिफीला बाहेर काढा, डावीकडून जा, उजवीकडून जा, गोलरक्षकाला पुढे पाठवा. मी प्रत्येक वेळी ऐकलं आणि प्रत्येक वेळी विचार केला, आणि प्रत्येक वेळी तू चुकलेला होतास. एकदा तर तू मला समोरच्या क्लबचा खेळाडू उतरवायला सांगितलं होतंस. माझे गुडघे तीन वर्षं दुखताहेत. दर वर्षी वाटायचं आता थांबावं, आणि दर वर्षी कमिटी म्हणायची राहा, पोरं म्हणायची राहा, बायका बाजारात मासा फुकट द्यायच्या आणि म्हणायच्या राहा. जा असं म्हणणारा माणूस अख्ख्या गावात मला मिळेना. त्या रविवारी तू म्हणालास. मी वळून पाहिलं आणि मनात म्हटलं, अरे, अकरा वर्षांत हा एकदा बरोबर बोलला, आता ऐकायलाच हवं.

अराबा, हा माझा अपमान होता की त्यांनी मला मोकळं केलं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. मी आत्याला विचारलं तर ती म्हणाली, तू जेव, मग ठरव. मी जेवलो. दोनदा वाढून घेतलं. मग तिने ते काळं-तांबडं लुगडं घडी करून पेटीत ठेवलं.

नाना काल गेले. या वेळी गावी जातात असं कुणी म्हणालं नाही, सगळे सांभाळून म्हणत होते, एन्सुकिरच्या दिशेने प्रवासाला निघाले. फिफीची आई पण निरोप द्यायला आली होती, तोंडावर कापड न बांधता. गाडी सुटताना मला काहीतरी बोलायचं होतं, पण आधीच इतकं बोलून झालं होतं की उरलं काही नव्हतं. मी गाडीचं बॉनेट उघडून इंजिन तेवढं बघितलं. तेल कमी होतं, घातलं.

नवा कोच पुढच्या महिन्यात येतोय. तरुण आहे, वहीत बाण काढतो म्हणतात. बघू.

तू तिकडे मुलींचा संघ काढते आहेस हे नानांकडून कळलं. मला आधी का नाही सांगितलंस? चार गोष्टी सांगितल्या असत्या. तुझ्यावर लोभ आहे तेवढा आहे, वाढवायला अजून जागा आहे, पत्र लिहून ती भरून काढ.

अकरा वर्षांत एकदा बरोबर बोललेला,
तुझा बाबा